दिवस मावळायच्या आत

लिनक्सवाला लॅपटॉप बिघडला की आमच्या तासगावात लोक दोनच गोष्टी करतात. एकतर फॉरमॅट मारून विंडोज टाकून घेतात, नाहीतर माझ्याकडं येतात. माझ्याकडं येणारे कमी. दुकान एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला, बेदाण्याच्या शेडसमोर, आणि माझं तोंड फटकळ. आमचे वडील आटपाडीकडं मेंढरं राखायचे. ते म्हणायचे, स्वप्ने, समद्यांच्या जिभेला हाड नसतं, तुझ्या जिभेला काटा हाय. असंल. काम चोख असलं की गिऱ्हाईक काटा पण सोसतं.

सुंदरी पहिल्यांदा आली ती दिवाळी झाल्यावर. पंचविशीतली पोरगी, कपाळ मोकळं, गळ्यात बारीक साखळी. लॅपटॉप जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलेला, तान्ह्या पोराला आणावं तसा. म्हणाली, वायफाय तुटतंय. कधी तुटतंय, तर संध्याकाळी. मी म्हटलं, बाई, संध्याकाळी सगळ्या गावाचंच तुटतंय, पोरं शाळेतनं आली की मोबाईल घेऊनच बसतात. ती हसली नाही. म्हणाली, "ताई, एक अट हाय. यातलं काही पुसायचं नाही. पलूसला आणि सांगलीला दोघांनी फॉरमॅट मारा म्हणून सांगितलं. मी उचलून आणला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लॅपटॉप तिच्या नवऱ्याचा. वर्धमान त्याचं नाव. कुंडलच्या मळ्यातल्या घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा. गेल्या हिवाळ्यात गाडीवरनं जाताना अपघातात गेला. सासरे त्याच्या आधीच गेलेले, जमीन वाट्यानं दिलेली, घरात ही आणि सासू, दोघीच. ही गणितात एमएस्सी. एका ऑनलाईन क्लासवर संध्याकाळी पोरांना शिकवायची, त्याच लॅपटॉपवर. आणि ऐन तासात नेट जायचं. क्लासवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिलेली. निपाणीचा भाऊ टपूनच बसलेला, नोकरी गेली की चल माहेरी म्हणून. ही गेली तर सासू एकटी पडणार.

"दुसरा लॅपटॉप घे की," मी म्हटलं.

तिनं झाकणावर हात ठेवला. "नको," म्हणाली. एवढंच.

मला वाटलं, दोन दिवसांचं काम. लिनक्समध्ये हा आजार जुना आहे. वीज वाचवायच्या नादात वायफायचं कार्ड डुलक्या काढतं, आणि डुलकी लागली की नेट सुटतं. मी ती डुलकी बंद केली, ड्रायव्हर नवा टाकला, दुपारभर चालवून बघितला, एकदाही सुटला नाही. नेऊन दे म्हटलं, आता वाजवून घे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन. "ताई, गेलं."

मला राग येतो अशा वेळी. गिऱ्हाईकाचा नाही, यंत्राचा. मी स्कूटर काढली आणि कुंडलला गेले. कारखाने सुरू झालेले, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना काही. पाचट पडलेलं सगळीकडं. घर गावाबाहेर मळ्यात, दुमजली, तिन्ही बाजूंनी ऊस. वर्धमानची खोली वरती. राऊटर खाली, स्वयंपाकघरात, जिन्याच्या पायाशी भिंतीला ठोकलेला. त्याच्या शेजारचं बटण बोटं लागून लागून काळं पडलेलं. ते मी बघितलं, पण माझं लक्ष तारांकडं.

सासू चुलीपाशी पाटावर बसलेली. त्रिशलाकाकू. अंगानं काडी, गुडघ्यांना फडकी बांधलेली. जिना चढणं त्यांना कधीचंच बंद झालं होतं. मला चहा दिला आणि सुंदरीकडं बघून विचारलं, कोण गं ही? सुंदरी म्हणाली, क्लासच्या कामाच्या ताई. वर गेल्यावर मला म्हणाली, आत्तींना, म्हणजे सासूला, यातलं काही सांगू नका. त्या लॅपटॉपचं नाव काढलं तरी दोन दिवस जेवत नाहीत.

मी सगळ्यांवर संशय घेतला. शेतीची थ्री फेज लाईट आली की आसपासच्या मोटारी सुरू होतात, विजेचा दाब पडतो. पण त्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची होती. रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याचं दुकान बंदच होतं. राऊटरचं चॅनेल बदललं. सुंदरीच्या मोबाईलच्या नेटवर जोडून बघितलं. वायर लावायची सोय त्या पातळ लॅपटॉपला नव्हती. सुंदरीचा तास सुरू झाला, पडद्यावर पोरांची तोंडं, ती अपूर्णांक समजावत होती. मी खिडकीशी बसले. उन्हं उसाच्या शेंड्यांवर आली, मग शेंडे तांबडे झाले. आणि पोरांची तोंडं थिजली.

मोबाईलचं नेट जागेवर होतं. राऊटरचे दिवे हिरवे. सुटला होता तो लॅपटॉप. खालून भांड्याचा आवाज आला. काकू एकट्याच जेवायला बसल्या होत्या. हे घर जैनांचं, दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा नाही. तासामुळं सुंदरी पाचलाच चार घास खाऊन वर यायची. वीस-पंचवीस मिनिटांनी लॅपटॉप आपोआप परत जोडला गेला. तोवर निम्मी पोरं निघून गेलेली. सुंदरी म्हणाली, रोज हेच, आणि डोळे पुसून पुढचं गणित घेतलं.

लॅपटॉप मी दुकानात घेऊन आले. ती मोबाईलवर कसेबसे तास घेणार होती.

आता जरा यंत्राचं सांगते, म्हणजे पुढचं कळंल. नेट सुटलं की लिनक्स त्याची ओळ लिहून ठेवतं, आणि ओळीत कारणाचा आकडा असतो. राऊटरनं हाकललं तर एक आकडा, बराच वेळ गप्प राहिलं म्हणून काढलं तर दुसरा. या लॅपटॉपच्या प्रत्येक ओळीत तीन होता. तीन म्हणजे कुणी हाकललं नाही, मशीन आपल्या मर्जीनं उठून गेलं. पुढं परत जोडल्याची ओळ. गेला, आला. गेला, आला. सुंदरीनं उन्हाळ्यात तो उघडला तेव्हापासून रोज.

मी म्हटलं, सापडला चोर. वर्धमाननंच कुठंतरी लिहून ठेवलं असणार, अमुक वेळेला नेट बंद कर. कोपरा न कोपरा शोधला. काही नव्हतं. आणि वेळही एक नव्हती. पावसाळ्यात उशिरा सुटायचा, आता लवकर. रोज थोडा थोडा सरकत आलेला. घड्याळ असं सरकत नाही.

मग त्याची डिस्क बाजूला काढली आणि माझ्या पेनड्राईव्हवरनं कोरी सिस्टिम चालवली. वर्धमानचं एक अक्षर त्यात नव्हतं. समोरच्या बेदाणा शेडच्या पत्र्यामागं ऊन उतरलं आणि लॅपटॉप सुटला.

वायफायचं कार्ड बदललं. नवं कोरं घातलं. शेडच्या बायका हात धुऊन घराकडं निघाल्या, ऊन पत्र्यामागं गेलं, आणि सुटला.

कार्ड नवं, सिस्टिम नवी. मग मागं राहिलं काय? नुसता सांगाडा. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. घरी गेले आणि आईनं विचारलं, काय झालं गं, तोंड का उतरलंय, तर मी तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी त्याचं त्याला सगळं परत बसवलं आणि कुंडलला निघाले. सुंदरीला सांगायचं ठरवलं होतं की पोरी, मदरबोर्डच गेलाय, हा जपून ठेव आणि कामाला दुसरा घे. मदरबोर्ड गेला नव्हता. पण काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

सुंदरी देवळात गेली होती. काकू सोप्यात सुपात मूग निवडत बसल्या होत्या. मी टॉवेल सोडून लॅपटॉप बाजेवर ठेवला. काकूंनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी शांतपणे विचारलं, "वर्धमानचा हाय नव्हं ह्यो? काय झालंय त्याला?"

मला सुंदरीनं बजावलं होतं. पण म्हाताऱ्या बाईनं असं सरळ विचारल्यावर खोटं कसं बोलायचं. मी सांगून टाकलं. म्हटलं, काही नाही काकू, चांगला चालतो दिवसभर. नुसता दिवस मावळायच्या आधी नेट सोडतोय. आपणहून. जरा वेळानं परत येतोय.

त्यांचा सुपातला हात थांबला.

"रोज?"

"रोज."

मग बोलायला लागल्या त्या मुगाकडं बघतच. वर्धमान लहानपणापासनं तसाच, एकदा कामात डोकं घातलं की जेवणाची शुद्ध नाही. खालनं हाका मारून मारून घसा बसायचा. जिना चढवत नव्हता. मग त्यांनी युक्ती काढली. दिवस कलला की ताट वाढायचं आणि जिन्यापाशी जाऊन राऊटरचं बटण बंद करायचं. नेट गेलं की पोरगं कुरकुरत खाली. आई, तू माझी नोकरी घालवणार एक दिवस, म्हणायचा, आणि पाटावर बसायचा. जेवणं झालं की आज्ज्याच्या वळणानं ताट पाण्यानं धुऊन ते पाणी पिऊन टाकायचा, कण वाया घालवायचा नाही. ताट पालथं घालायचा, की परत वर. बटण परत चालू.

"त्या दिवशी म्हणाला, आई, आज बंद करू नको, लय महत्त्वाची मीटिंग हाय. हात जोडलं त्यानं. म्हटलं, बरं, न्हाई करत." काकूंनी पदर तोंडाला लावला. "दिवस मावळला. मीटिंग सुटली तवा अंधार पडलेला. मावळल्यावर घास घेत नव्हता त्यो. सकाळी खातो म्हणाला. पाय मोकळं करून येतो म्हणून गाडी काढली, आन् उसाच्या ट्रॉलीवर... दिवाच न्हवता वो तिला. माझं पोर उपाशी गेलं, बाई. मी बटण दाबलं असतं तर जेवलं असतं. गेलं असतं तरी जेवून गेलं असतं."

माझ्या जिभेचा काटा कुठं गेला कुणास ठाऊक. मी नुसता त्यांचा हात धरला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमी म्हणताय त्यो रोज उठतोय, दिवस मावळायच्या आत."

"लॅपटॉप, काकू. लॅपटॉप सुटतोय."

"म्हंजे पोरगं रोज खाली येतंय, आन् मी एकटीचं वाढून घेतीया."

गुडघ्यांवर हात देऊन त्या उठल्या. मी थांबा म्हणेपर्यंत स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

सुंदरी आली. तिला काय सांगायचं ते मला सुचेना, आणि तासाची वेळ झालेली. ती लॅपटॉप घेऊन वर गेली. मला निघता आलं असतं. उजेड होता तोवर तासगाव गाठता आलं असतं. पण चुलीवर भाकरी फुगत होती आणि काकू एकेक ताटात वाढत होत्या. भाकरी, मुगाची आमटी, दोडका, दह्याची वाटी, शेंगदाण्याची चटणी. पाट मांडला. पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. मला कीव आली त्यांची. खोटं कशाला बोलू, जरा भीतीही वाटली.

"इकडं या," काकू म्हणाल्या. "माझ्याजवळ बसा. दाराकडं तोंड करून. जेवताना तोंडाकडं बघितलेलं आवडायचं न्हाई त्याला."

आम्ही दोघी उंबऱ्याशी बसलो, ताटाकडं पाठ करून. समोर ऊस. शेंडे तांबडे झालेले. वरनं सुंदरीचा आवाज येत होता, छेद सारखे करून घ्या, छेद सारखे करून घ्या.

मग तिचा आवाज थांबला.

"गेलं," ती वरनं म्हणाली. हळूच, स्वतःशीच.

काकूंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता.

मी कान देऊन बसले. जिना वाजला नाही. ताट वाजलं नाही. चुलीतलं लाकूड तेवढं एकदा तडकलं.

ऊन शेंड्यांवरनं निघालं.

कडेचा उजेडही विझत आला.

काकूंचे ओठ हलत होते. णमोकार म्हणत असतील, किंवा त्याला काही सांगत असतील.

मग त्यांनी माझा हात सोडला. मी मागं वळून बघितलं.

ताट पालथं होतं. धुतलेलं. कडेनं पाण्याचे थेंब जमिनीवर उतरत होते.

तांब्या मी उचलून बघितला. रिकामा.

"जेवला," काकू म्हणाल्या. आणि तेव्हा त्या रडल्या. सुंदरी जिन्यात येऊन उभी राहिली होती. ती एकदा ताटाकडं बघायची, एकदा माझ्याकडं, आणि मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

मी मुद्दाम सगळं तपासलं. मागचं दार आतनं लावलेलं. मांजर त्या घरात नाही, आणि मांजर ताट धुऊन ठेवत नाही. काकू सगळा वेळ माझा हात धरून बसलेल्या. सुंदरी खाली आली असती तर जिना वाजला असता. मला याचं उत्तर माहीत नाही. मी विचारायचं सोडून दिलंय.

त्या दिवसानंतर सुंदरीचं नेट एकदाही सुटलं नाही. क्लासवाल्यांनी तिला कायम केलं. निपाणीचा भाऊ गप्प बसला. मला वाटलं, चला, बरं झालं, कसं का होईना. गिऱ्हाईक सुखी झालं की दुरुस्ती झाली, असा माझा हिशेब.

संक्रांतीच्या आधी ती परत दुकानात आली. दुपार कलत होती, त्या दिवशी तिच्या तासांना सुट्टी. टॉवेल तोच. खोकं भरून बेदाणे आणि तिळाच्या वड्या आणलेल्या. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि टॉवेलाची घडी नीट करत बसली.

"तुटतंय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"आत्ती रोज ताट वाढतात," ती म्हणाली. "रोज भरल्याचं भरलेलं राहतंय. त्यांचं म्हणणं, असूदे, एकदा पोटभर जेवला, माझं पोर उपाशी राहिलं न्हाई. त्या आता झोपतात रात्री. हसतात पण कधी कधी." मग तिनं मान खाली घातली. "ताई, ते परत पहिल्यासारखं करून देता येईल का?"

मला कळलं नाही. "काय पहिल्यासारखं?"

"तुटायला पाहिजे. थोडा वेळ. आणि परत जोडायला पाहिजे." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही सगळ्यांनी तो जातोय तेवढंच बघितलं. आईकडं जातोय. पण तो परत पण यायचा की. रोज अर्धा तास सोडला तर बाकीचा दिवसभर माझ्यापाशीच होता. मला ठाऊक नव्हतं आणि मी त्याच्यावरच चिडत होते."

काय सांगू. ते दोन ओळींचं काम आहे. उन्हाच्या वेळेला सोड, अर्ध्या तासानं जोड. माझी बोटं चालायला लागलीसुद्धा. पोरगी समोर बसून रडतेय, तिला तेवढं खोटं दिलं तर कुणाचं काय जाणार होतं?

पण सवयीनं आधी जुन्या ओळी उघडल्या. कुंडलची ती संध्याकाळ शोधली. सापडली. कारण तीन, आपल्या मर्जीनं उठून गेला. खाली परत आल्याची ओळ पाहिजे होती. नव्हती.

मी लिहिलेलं पुसून टाकलं.

"सुंदरी," मी म्हटलं, "जेवून निघालेल्या माणसाला परत उपाशी बोलवायचं का?"

तिनं मान हलवली. नको म्हणून. खूप वेळ रडली, आणि मी तिला रडू दिलं, दुकानात दुसरं कुणी आलं त्याला उद्या ये म्हटलं. मग तिनं तोंड धुतलं. म्हणाली, उशीर होईल, आत्ती वाट बघत बसतील.

ती तोंड पुसत होती तेवढ्यात मी त्या संध्याकाळच्या पुढच्या ओळी खाली सरकवत गेले. दुसरा दिवस. तिसरा. आठवडा. तिनं रोज लॅपटॉप बंद केलेला, रोज उघडलेला, रोज तास घेतलेले. कुठलंही मशीन नेटला लागलं की जोडल्याची ओळ पडते, ती पडल्याशिवाय नेट येत नाही. त्या संध्याकाळनंतर ती ओळ एकदाही पडलेली नव्हती, आणि नेट मात्र रोज चालू होतं.

ऊन समोरच्या पत्र्यामागं गेलं. पडद्याच्या कोपऱ्यात नेटच्या चारी कांड्या भरलेल्या होत्या. मी झाकण लावलं आणि लॅपटॉप तिच्या टॉवेलात गुंडाळून दिला.